बास्केटबॉल शोधणाऱ्या मास्तरांना कोचिंगमध्ये करिअर आहे हेच पटत नव्हतं

स्पोर्ट्स सायन्सला नाहीतर बीपीएडला ॲडमिशन घेतली असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे पुढं पीटीचा मास्तर होणार का? पोरगं जरा धीट असेल तर कोच होणार म्हणून सांगतं आणि विषय तिथंच संपतो. आता या कोर्समध्ये उद्योजकता, इंटर्नशिप, करिअर रेडीनेस असे शब्द ऐकू यायला लागलेत. घरच्यांचा प्रश्न मात्र आहे तिथंच आहे.

पण एक गोष्ट बघा. १८९१ साली अमेरिकेतल्या अशाच एका शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात एका तिशीतल्या मास्तराला १४ दिवसांची असाइनमेंट मिळाली. काम काय, तर वर्गातल्या १८ वैतागलेल्या विद्यार्थ्यांना हिवाळाभर गुंतवून ठेवेल असं काहीतरी शोधायचं. त्या असाइनमेंटमधून बास्केटबॉल बाहेर आला.

मास्तराचं नाव जेम्स नेस्मिथ. त्यांच्या खेळावर बॉलवाल्या, बुटवाल्या कंपन्या उभ्या राहिल्या, कोच नावाची पगारी जमात तयार झाली, पुढं एनबीए आली. नेस्मिथ यांनी खेळाचं पेटंटसुद्धा घेतलं नाही. आता हा साधेपणा होता, तत्त्व होतं, की समोर काय उभं राहतंय हे त्यांना दिसलंच नाही? तिन्ही थोडं थोडं होतं.

तर सुरुवातीपासून बघू.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ चा. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अल्मोंट नावाचं गाव आहे, त्याच्या जवळचा. आईबाप स्कॉटलंडहून आलेल्या घरातले. १८७० साली टायफॉइडची साथ आली आणि काही दिवसांच्या अंतरानं आई आणि वडील दोघंही गेले. पोरगं तेव्हा नऊ वर्षांचं होतं नव्हतं. पुढं मामानं सांभाळलं. मामा कडक होता आणि शेतीचं काम चुकत नव्हतं. जेम्सचं शाळेत मन रमलं नाही. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यानं शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोड्या म्हणून कामाला लागला.

चारपाच वर्षं कुऱ्हाड चालवल्यावर गड्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आयुष्यभर हेच करायचं नाही. वीसेक वर्षांचा झाल्यावर तो परत शाळेत बसला, आपल्यापेक्षा लहान पोरांच्या शेजारी. १८८३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत पोहोचला. प्लॅन एकदम पक्का होता, धर्मशास्त्र शिकायचं आणि चर्चमध्ये पाद्री व्हायचं. घरच्यांना तेच हवं होतं.

पण अंगात लाकूडतोड्याची ताकद होती, ती कुठंतरी बाहेर निघणारच. जेम्स जिममध्ये जायला लागला. फुटबॉल (म्हणजे त्यांच्याकडचा धसमुसळा, हातात बॉल घेऊन पळायचा), लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स, मिळेल ते खेळायला लागला. धर्मशास्त्राच्या वर्गातल्या मित्रांना हे काही पचलं नाही. खेळ म्हणजे सैतानाचा नाद असं मानणारी माणसं होती ती. एकदा तर मॅचमध्ये मार खाऊन काळेनिळे झालेले दोन डोळे घेऊन हा पठ्ठ्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला होता.

त्याचं मत बदललं ते एका छोट्या प्रसंगानं. मॅच चालू असताना शेजारच्या खेळाडूच्या तोंडून शिवी गेली. लगेच त्यानं जेम्सकडं बघून माफी मागितली. जेम्स त्याला कधी काही बोलला नव्हता, उपदेश केला नव्हता. तरी त्याच्या नुसत्या असण्याचा परिणाम होत होता. जेम्सनं विचार केला, माणसं घडवायचीच असतील तर चर्चच्या व्यासपीठापेक्षा मैदान काय वाईट? १८९० साली धर्मशास्त्राचं शिक्षण पूर्ण झालं, पण पाद्री होण्याऐवजी तो अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला निघाला. तिथं वायएमसीएचं ट्रेनिंग स्कूल होतं. आज ते स्प्रिंगफील्ड कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

हे स्कूल काय होतं ते समजून घ्यायला पाहिजे, कारण खरी गंमत तिथं आहे.

वायएमसीएच्या शाखा तेव्हा गावोगाव निघत होत्या. प्रत्येक शाखेला दोन माणसं लागायची. एक कारभार बघणारा सेक्रेटरी आणि एक जिम सांभाळणारा फिजिकल डायरेक्टर. स्प्रिंगफील्डमध्ये ही दोन्ही माणसं तयार व्हायची. म्हणजे कोर्स करायचा तोच नोकरीसाठी आणि पुढं काम काय करायचं हे पहिल्या दिवसापासून माहीत. शरीरशास्त्र शिकवायचे, मानसशास्त्रही शिकवायचे. शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख होता ल्यूथर गुलिक नावाचा डॉक्टर, वयानं नेस्मिथ यांच्यापेक्षाही लहान.

गुलिकच्या एका वर्गात चर्चा निघाली की जगात अगदी नवं असं काही नसतं, जुन्याच गोष्टींचे भाग वेगळ्या पद्धतीनं जोडले की नवी गोष्ट तयार होते. नेस्मिथ यांनी सुचवलं की मग जुन्या खेळांचे भाग जोडून नवा खेळही करता येईल. गुलिकनं तो गृहपाठ म्हणून दिला. कुणी काही खास करून आणलं नाही. विषय मागं पडला.

मग आला १८९१ चा हिवाळा. स्प्रिंगफील्डला थंडीत बाहेर खेळणं शक्य नाही. फुटबॉलचा सीझन संपला की बेसबॉलपर्यंत मधले महिने जिममध्ये काढायचे. तिथं कवायत, डंबेल्स आणि लहान मुलांचे खेळ. सेक्रेटरीच्या कोर्सच्या १८ विद्यार्थ्यांना याचा जाम कंटाळा आला होता. ही काही शाळेतली पोरं नव्हती, मोठी माणसं होती, उद्या ऑफिस चालवणारी. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढं हात टेकले. गुलिकनं तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात मारला आणि १४ दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ यांनी सुरुवातीचे बरेच दिवस चुकीच्या प्रयोगांत घालवले. बाहेरचे खेळ जसेच्या तसे आत आणून बघितले. फुटबॉल आणला तर लाकडी फरशीवर माणसं आपटायला लागली. सॉकर आणला तर काचांवर संकट. लॅक्रॉस आणला तर काठ्या एकमेकांना बसायला लागल्या. मुदत संपत आली आणि हातात काही नाही.

मग त्यांनी बसून खेळांची चिरफाड केली. मारामारी कधी होते? बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडायचं असतं तेव्हा. मग बॉल घेऊन पळायचंच नाही, पास द्यायचा. बॉल कसा हवा? मोठा आणि हलका, म्हणजे काठी, बॅट काही लागणार नाही. गोल समोर उभा असेल तर माणूस जोर लावून मारणार आणि कुणाला तरी लागणार. मग गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर नेला तर?

इथं त्यांना लहानपणीचा खेळ आठवला. डक ऑन अ रॉक. आपल्या लगोरीच्या नात्यातला म्हणता येईल. मोठ्या दगडावर एक छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. जोरात मारलेला दगड चुकला की लांब जाऊन पडायचा आणि आणायला गेलं की राज्य यायचं. अलगद, कमानीत टाकणारा पोरगा फायद्यात राहायचा. नेस्मिथ यांना तीच कमान हवी होती.

त्यांनी इमारतीच्या देखभालीचं काम बघणाऱ्या स्टेबिन्स यांच्याकडं १८ इंचांचे दोन खोके मागितले. खोके नव्हते, पीच फळाच्या दोन टोपल्या होत्या. त्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता म्हणून बास्केटची उंची १० फूट. आजही एनबीएच्या कोर्टवर तीच उंची आहे. तिच्यामागं कसलंही संशोधन नाही, एका गॅलरीचा कठडा आहे.

१३ नियम लिहिले, ऑफिसमधून टाइप करून घेतले, दोन पानं झाली. ती बोर्डावर लावली. २१ डिसेंबर १८९१ ला नऊ-नऊची टीम करून पहिली मॅच झाली. बॉल सॉकरचा. स्कोअर झाला १-०. अख्ख्या मॅचमध्ये एकच बास्केट, विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याचा. बॉल टोपलीत अडकला की शिडी लावून काढायचा.

आणि तो वैतागलेला वर्ग? त्यातलाच फ्रँक महान नावाचा एक म्होरक्या बोर्डावरचे नियम काढून घेऊन गेला, आठवण म्हणून. नंतर त्यानंच ती पानं परत आणून दिली. खेळाला नेस्मिथ यांचंच नाव द्यावं असं त्यानं सुचवलं, ते नेस्मिथ यांनी हसण्यावारी नेलं. मग टोपली आणि बॉल आहे तर बास्केट बॉल म्हणू, असं ठरलं.

आज कुठल्याही स्टार्टअपच्या वर्गात शिकवतात ते सगळं इथं झालं होतं. ग्राहक कोण, त्याची अडचण काय, हाताशी असलेल्या सामानात काय होतं, पहिला नमुना किती दिवसांत तयार होतो. फरक एवढाच की पुढची पायरी, म्हणजे यातून पैसे कसे येणार, हा प्रश्न नेस्मिथ यांनी विचारला नाही. नियम त्यांनी जानेवारी १८९२ मध्ये कॉलेजच्या पेपरात छापून टाकले. कुणीही वाचा, कुणीही खेळा.

तो खेळ पसरला कसा, तर प्लेसमेंटमधून. कोर्स संपवून विद्यार्थी ज्या ज्या शाखेत नोकरीला गेले तिथं बॉल घेऊन गेले. पहिल्या वर्गातला इशिकावा जपानचा होता. त्याच वर्गातला डंकन पॅटन १८९४ मध्ये भारतात मिशनरी म्हणून आला, बास्केटबॉल आपल्याकडं आला तो त्याच्यासोबत. १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं जवळच्या स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. स्प्रिंगफील्डचाच विद्यार्थी विल्यम मॉर्गन होल्योकच्या वायएमसीएत नोकरीला लागला. तिथल्या वयस्कर व्यापाऱ्यांना बास्केटबॉल झेपेना, म्हणून त्यानं १८९५ मध्ये व्हॉलीबॉल काढला. मास्तरांची पद्धत विद्यार्थ्यानं उचलली ती अशी.

स्प्रिंगफील्डच्याच हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. भारतात शारीरिक शिक्षणाच्या पदवीची जी परंपरा पुढं आली, तिच्या मुळाशी हे कॉलेज आहे. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर पिढ्यानपिढ्या पोरं बास्केटबॉल खेळत आली, तो धागाही मागं मागं नेला तर स्प्रिंगफील्डच्या जिममध्येच पोहोचतो.

इकडं धंदेवाले झोपले नव्हते. १८९३ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या नॅरागॅन्सेट मशीन कंपनीनं लोखंडी रिंग आणि जाळी बाजारात आणली. १८९४ च्या सुमारास स्पाल्डिंग कंपनीनं खास बास्केटबॉलचा बॉल बनवला आणि नियमांची पुस्तकंही छापली. १९१७ मध्ये कॉन्व्हर्सनं बास्केटबॉलसाठी बूट काढले, ते आजही कॉलेजच्या पोरांच्या पायात दिसतात. टोपलीवाला मास्तर मात्र पुढचं शिकायला निघाला होता.

१८९५ मध्ये नेस्मिथ डेन्व्हरला गेले. दिवसा वायएमसीएची नोकरी आणि सोबत मेडिकल कॉलेज. १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस युनिव्हर्सिटीला चॅपलमध्ये प्रार्थना घेणारा आणि शारीरिक शिक्षण शिकवणारा असा एकच माणूस हवा होता. नेस्मिथ यांचा जुना मित्र अमोस अलोन्झो स्टॅग यानं त्यांची शिफारस तारेनं केली, असं सांगतात. बास्केटबॉलचा जनक, डॉक्टर, धर्मगुरू, दारू नाही, सिगारेट नाही, सगळे खेळ येतात आणि तोंडात शिवी नाही, असा त्या तारेचा मतलब. रिझ्युमे असावा तर असा. नोकरी पक्की झाली.

लॉरेन्स गावातल्या या युनिव्हर्सिटीत ते जवळपास ४० वर्षं राहिले. शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवलं, विद्यार्थ्यांच्या तपासण्या केल्या, जखमी खेळाडूंवर उपचार केले. आज स्पोर्ट्स सायन्समध्ये ज्या चारपाच वेगळ्या नोकऱ्या असतात त्या एका माणसानं एका पगारात केल्या. आणि हो, बास्केटबॉलची टीमही त्यांच्याकडंच होती.

तिचा रेकॉर्ड ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या बास्केटबॉलच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच आहे आणि तो म्हणजे बास्केटबॉलचा जनक.

याचं कारण असं की कोचिंग ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या लेखी हा खेळ व्यायामासाठी आणि माणूस घडण्यासाठी होता. मॅचमध्ये ते कित्येकदा रेफरी म्हणून उभे राहायचे. त्यांचा एक विद्यार्थी होता फॉग ॲलन. त्याला १९०५ च्या आसपास बेकर युनिव्हर्सिटीनं कोच म्हणून बोलावलं. त्यानं ही बातमी सांगितल्यावर नेस्मिथ यांना हसू आलं. बास्केटबॉल खेळायचा असतो, त्याला कोच कशाला, असा त्यांचा सूर होता.

इथं मास्तर चुकले, हे सरळ म्हणावं लागतं. ॲलननं गुरूचं ऐकलं नाही. १९०७ मध्ये तो गुरूच्या जागी कॅन्ससचा कोच झाला. मध्ये काही वर्षं बाहेर राहून परत आला आणि १९५६ पर्यंत तिथं होता. कॅन्ससला त्यानं ५९० मॅच जिंकून दिल्या. १९२७ मध्ये बास्केटबॉल कोच लोकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्याच्या हाताखालून ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ असे दिग्गज कोच निघाले. नेस्मिथ ज्याला काम मानायला तयार नव्हते त्याचा ॲलननं पेशा करून दाखवला. तरी दोघांचे संबंध शेवटपर्यंत टिकले, हेही खरं.

पैशाच्या बाबतीत नेस्मिथ यांचं गणित आयुष्यभर कच्चंच राहिलं. पाच मुलं, मास्तराचा पगार, त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात वायएमसीएच्या कामासाठी फ्रान्समध्ये काढलेली दोन वर्षं. कर्ज फिटलं नाही म्हणून घर गमवायची वेळसुद्धा त्यांच्यावर आली.

मग विद्यार्थ्यांना करिअरसाठी तयार करणं त्यांना जमलंच नाही का? याचं उत्तर जॉन मॅक्लेंडन या पोराच्या गोष्टीत आहे.

१९३३ मध्ये मॅक्लेंडन कॅन्ससला आला. काळा विद्यार्थी. बास्केटबॉलचं वेड, पण युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये काळ्यांना जागा नव्हती. वडिलांनी सांगितलं होतं की नेस्मिथ यांना भेट आणि त्यांनाच आपला मार्गदर्शक मान. पोरगं थेट त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहिलं. नेस्मिथ यांनी वडिलांचा शब्द मानला.

शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा सक्तीची होती आणि तलावात काळ्यांना मज्जाव. मॅक्लेंडन पाण्यात उतरला तर नंतर तलावाचं पाणीच काढून टाकलं गेलं. नेस्मिथ त्याच्या बाजूनं उभे राहिले. पदवीसाठी शाळेत शिकवण्याचा सराव करावा लागतो, त्यासाठी त्यांनी त्याला लॉरेन्सच्या हायस्कूलमध्ये जागा मिळवून दिली. १९३६ मध्ये मॅक्लेंडन पदवीधर झाला. पुढं आयोवा युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायलाही नेस्मिथ यांनी हातभार लावला. टीममध्ये त्याला घ्यायला लावणं त्यांच्याकडून झालं नाही. पण पदवी, सराव, शिफारस आणि पुढची पायरी, एका विद्यार्थ्याला नोकरीच्या दारापर्यंत न्यायला जे लागतं ते त्यांनी केलं.

मॅक्लेंडननं काय केलं? नॉर्थ कॅरोलिनातल्या काळ्यांच्या कॉलेजात कोच झाला आणि वेगवान खेळाची नवी पद्धत आणली. १९४४ मध्ये त्याच्या टीमनं ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मेडिकलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या टीमशी बंद दाराआड मॅच खेळली. तेव्हा तिथं काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. स्कोअर ८८-४४, मॅक्लेंडनची टीम जिंकली. १९५७, ५८ आणि ५९ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यानं टेनेसीच्या कॉलेजला एनएआयएची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे कोचिंगमध्ये करिअर नाही म्हणणाऱ्या मास्तरांच्या दोन विद्यार्थ्यांनी कोचिंगचा इतिहास लिहिला.

नेस्मिथ यांच्या वाट्याला एक दिवस मात्र कौतुकाचा आला. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. त्यामागं फॉग ॲलनची खटपट मोठी होती. मास्तरांकडं बर्लिनला जायला पैसे नव्हते, तेव्हा अमेरिकेतल्या कोच लोकांच्या संघटनेनं वर्गणी काढून त्यांना पाठवलं. हो, त्याच कोच लोकांनी. ७४ वर्षांच्या नेस्मिथ यांच्या हस्ते पहिला बॉल उडवला गेला. फायनल अमेरिका आणि कॅनडा यांच्यात, म्हणजे त्यांची कर्मभूमी विरुद्ध जन्मभूमी. उघड्या मातीच्या कोर्टवर धो धो पावसात. चिखलात बॉल उसळेना. अमेरिका १९-८ नं जिंकली.

१९३७ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९३९ ला लॉरेन्समध्येच वारले. त्यांनी लिहिलेलं बास्केटबॉलच्या जन्माचं पुस्तक दोन वर्षांनी, १९४१ मध्ये छापून आलं.

बोर्डावर लावलेली ती दोन पानं घरात राहिली होती. १० डिसेंबर २०१० ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ती ४३ लाख डॉलरच्या वर गेली. पैसे नेस्मिथ यांच्या नातवाच्या फाउंडेशनला मिळाले. पानं घेणारा डेव्हिड बूथ हा कॅन्सस युनिव्हर्सिटीचाच माजी विद्यार्थी. फंडांच्या धंद्यात अब्जाधीश झालेला हा माणूस लहानाचा मोठा झाला लॉरेन्समधल्या नेस्मिथ ड्राइव्ह या रस्त्यावर.

आता ती पानं युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर ठेवली आहेत, बास्केटबॉलच्या स्टेडियमला लागून. त्या स्टेडियमचं नाव ॲलन फील्डहाउस. आतल्या कोर्टला नाव आहे जेम्स नेस्मिथ यांचं.